त्याला वास येत नाही का?

दिवाळीच्या सुट्टीत भाऊ पुण्याहून आला की पहिल्याच सकाळी साडेसहाला माझ्या खोलीचं दार वाजतं. बाहेर चिनू उभा असतो, बूट घालून तयार. "आत्या, रंकाळा." आईबापाला उठवावं असं त्याच्या मनातही येत नाही; रंकाळा म्हणजे आत्या, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. यंदाही तसंच झालं. थंडी नुकती पडायला लागली होती. तांबट कमानीकडून आम्ही चालत निघालो. चालणाऱ्यांचे नेहमीचे घोळके होते, कुणाच्या मोबाइलवर अभंग, कुणाची उसाच्या दरावरून वादावादी. एका जागी, जिथं नाल्याचं पाणी येऊन तळ्याला मिळतं, तिथं चिनूनं नाक दाबलं. मीही दाबलं असतं, पण रोजचं म्हणून सवय झालेली. केंदाळाच्या कडेला काळपट चिखलाचा पट्टा, त्यावर जेमतेम घोटाभर पाणी, आणि त्या पाण्यात अकरा शेकाटे उभे. चिनूनंच मोजले. पांढरे स्वच्छ, जणू आत्ताच धुऊन वाळत घातलेत. तो बराच वेळ बघत राहिला आणि नाक दाबलेल्या आवाजात म्हणाला, "आत्या, त्याला वास येत नाही का?"

"पक्ष्यांना नाक नसतं," मी म्हणाले.

ही शुद्ध थाप. शेकाट्याच्या चोचीच्या बुडाशी दोन्ही अंगांना बारीक चिरा असतात, त्या त्याच्या नाकपुड्या. दुर्बिणीतून मी त्या कितीदा बघितल्यात. मागून चालत आलेले एक आजोबा थांबले आणि चिनूला म्हणाले, "बाळा, त्येस्नी पगार मिळतोय हितं उभं ऱ्हायाचा." चिनू हसला, विषय संपला, पुढं आम्ही गरम दूध प्यायलो. मला मात्र दिवसभर ते टोचत राहिलं. थाप मारली याचं फारसं नव्हतं. पोरांना आपण रोज दहा थापा मारतो. पण हाच प्रश्न याच काठावर मी एकदा दुसऱ्या कुणाला तरी विचारला होता, आणि तेव्हा मला मिळालेलं उत्तर मी चिनूला देऊ शकत नव्हते.

आधी शेकाट्याबद्दल. ज्यांनी तो पाहिलाय त्यांना पाय आठवतील, कारण पायांशिवाय लक्षात राहावं असं त्याच्यात दुसरं काही नसतं. शरीराच्या मानानं एवढे लांब पाय असणारा पक्षी शोधायचा तर रोहितापर्यंत जावं लागतं. रंग गुलाबी, आपल्याकडं लग्नात वाटायच्या बडीशेपेच्या गोळ्यांसारखा. अंग पांढरं, पंख काळे, चोच सुईसारखी सरळ, डोळा लाल. तो चालतो तेव्हा बघावं. एक पाय पाण्यातून वर येतो, बोटं मिटतात, टोकावरून एक थेंब गळतो, मग तो पाय पुढं जाऊन इतक्या हलक्या हातानं पाण्यात शिरतो की तरंग उठत नाही. हलक्या हातानं म्हटलं, पण पाय आहे तो. गुडघा मागं वाकतो असं वाटतं. खरं तर तो घोटा असतो, गुडघा वर पिसांत दडलेला. एवढं डौलाचं सगळं करून शेवटी खायचं काय, तर चोचीच्या टोकानं टिपलेली एक लाल अळी. आणि काही खटकलं की 'किक्‌ किक्‌ किक्‌' असा कटकट्या आवाज, त्या देखण्या देहाला न शोभणारा. माझ्या ओळखीच्या एक बाई अशा आहेत. पैठणी नेसून उभ्या राहिल्या की बघत राहावं, बोलायला लागल्या की पळावं.

त्या लाल अळ्यांमुळंच तो नाल्याच्या तोंडाशी उभा असतो. मैलापाणी आलं की पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे नाहीसे होतात, नाजूक किडे मरतात, पण गाळात या लाल अळ्या मात्र खच्चून वाढतात. त्यांच्या रक्तातच असं द्रव्य असतं की थोड्या प्राणवायूवर त्यांचं भागतं. शेकाट्याला आयतं ताट मिळतं. म्हणून तर पुण्याच्या मुठेपासून आपल्या जयंती नाल्यापर्यंत कुठंही काळं पाणी दिसलं की हे पांढरे साहेब हजर. जगभरच्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत त्याच्यापुढं 'चिंता नको' असा शेरा आहे. हौशी मंडळी पक्षीगणनेत "यंदा शेकाटे जास्त" म्हणून आनंदानं आकडा सांगतात, आणि मला त्या आनंदात धड सामील होता येत नाही. पण रुसताही येत नाही. तो दिसला की माझं बरं वाटणं काही थांबत नाही.

मला तो पहिल्यांदा अण्णांनी दाखवला. वडील शिरोलीला फौंड्रीत होते. आठवड्याची सुट्टी असली की सायकलच्या नळीवर टॉवेल गुंडाळून मला बसवायचे आणि कळंब्याला न्यायचे. उन्हाळ्यात कळंबा तलाव आटायचा, मधोमध पाण्याचं थारोळं आणि भोवती भेगाळलेली जमीन. अण्णांना पक्ष्यांतलं काही कळत नव्हतं. त्यांना मोकळ्यावर विडी ओढायची असायची. पण एकदा आमच्या डोक्यावर दोन शेकाटे ओरडत घिरट्या घालायला लागले. अण्णा म्हणाले, "थांब, पाय टाकू नको." दोन पावलांवर जमिनीतल्या एका उथळ खळगीत चार अंडी होती, मातकट, वर काळे ठिपके, आजूबाजूच्या ढेकळांपासून ओळखू न येणारी. आम्ही लांब जाऊन बसलो. थोड्या वेळानं मादी आली, पण सरळ अंड्यांवर बसली नाही. आधी थारोळ्यापाशी गेली, पोट पाण्यात बुडवलं, ओल्या पोटानं परत आली आणि मग लांब पाय कसेबसे दुमडून बसली. अंडी उन्हानं शिजू नयेत म्हणून. पुन्हा उठली, पुन्हा पाण्याकडं. अण्णा विडी विझवून बघत होते. भट्टीपुढं उभं राहणारा माणूस तो, उष्णतेशी कसं वागायचं हे त्यांना दाखवायला कुणी लागत नव्हतं. तेवढंच म्हणाले, "हुशार हाय."

अण्णांच्या अंगाला फौंड्रीचा वास यायचा. मोल्डिंगची काळी वाळू, वितळलेलं बीड, तेल. आंघोळ केली तरी कानामागं थोडा राहायचाच. मला तो आवडायचा. कोल्हापूर मी नाकानंच ओळखते म्हटलं तरी चालेल. डोळे बांधून रिक्षात घातलं तर चप्पल लाईनीत कातडं येतं, मिसळीच्या दुकानासमोर कटाची तर्री, गळीत सुरू झालं की गावाबाहेर गुऱ्हाळाची गोड वाफ, आणि पंचगंगेवर काही दिवस मळीचा आंबूस भपकारा, ज्याबद्दल दरवर्षी आंदोलन होतं आणि दरवर्षी तो येतो. अण्णांना यातलं निम्मं कळत नसे. इतकी वर्षं धुरात काढल्यावर नाक काय शिल्लक राहणार. पण मटणाच्या फोडणीचा वास त्यांना गल्लीच्या तोंडापासून यायचा, हे आईनं शपथेवर सांगितलं असतं.

आता त्या झाडाकडं येते.

आईचं माहेर राधानगरीच्या वरच्या अंगाला. धरण मागं टाकून दाजीपूरच्या दिशेला वळलं की रान दाट व्हायला लागतं आणि पावसात तर दिवसाही दिवे लावावे लागतात. मामाच्या गोठ्यामागं, ओढ्याच्या चढावर, त्याचं थोडं मालकी रान आहे. लहानपणी आम्ही तिथं करवंदाला जायचो. एका झाडापाशी मात्र मामी जाऊ द्यायची नाही. फार मोठं नव्हतं ते, दोन पुरुष उंच असेल. पानं फांद्यांच्या टोकाला दाटीनं, रुंद, टोकदार. पावसाळ्यात त्याला बारीक पिवळट फुलांचे गुच्छ यायचे आणि त्यांचा असा वास सुटायचा की गोठ्यातलं शेणसुद्धा अत्तर वाटावं. पान चुरगाळलं की तीच तऱ्हा. "नरक्या त्यो," मामी म्हणायची, "गुरं सुदीक तोंड लावत न्हाईत." दुसरं नाव घाणेरा. शास्त्रातही सुटका नाही: मॅपिया फीटिडा, म्हणजे दुर्गंधी मॅपिया. आता त्याचं नाव बदललंय, नोथापोडायटिस निम्मोनियाना, आणि त्यातला निम्मो हा दीडपावणेदोनशे वर्षांपूर्वी मुंबईत झाडं गोळा करणारा एक साहेब. पण घाण या एका गोष्टीवर मामी आणि लॅटिन यांचं एकमत होतं. अशा झाडाच्या वाटेला कोण जाणार? सरपणालासुद्धा कुणी नेत नव्हतं. ते आपलं रानात निवांत होतं.

मग ते कामाचं निघालं.

त्याची सुरुवात आपल्याकडची नाहीच. 1966 साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडाच्या खोडातून कॅम्पटोथेसिन नावाचं द्रव्य वेगळं काढलं. यातले वाणी आपले नंदुरबारचे, 1925 सालचा जन्म, मुंबई विद्यापीठात शिकलेले. ज्या झाडातून काढलं त्याला चिनी लोक आनंदाचं झाड म्हणतात. पुढं 1972 मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं की तेच द्रव्य आपल्या नरक्यातही आहे, आणि चांगलं भरपूर आहे. एकाच औषधाचं एक झाड आनंदाचं, दुसरं नरकाचं. आपल्याकडं काही लोक नरक्याला अमृता म्हणतात, पण ते नाव बहुतेक नंतर सुचलेलं असावं, पाहुणा श्रीमंत निघाल्यावर त्याला 'रावसाहेब' म्हणायला लागतात तसं.

हे द्रव्य करतं काय, ते मला नीट समजलं ते दोरखंडावरून. पेशीत जी दुपदरी दोरी असते, डीएनएची, तिची नक्कल करायची तर दोन पदर उलगडावे लागतात. घरातलं एखादं चऱ्हाट घेऊन त्याचे दोन पदर एका टोकाकडून ओढून बघा, पुढचा पीळ घट्ट घट्ट होत जातो आणि शेवटी पुढं सरकेना होतं. पेशीकडं यासाठी एक कारागीर आहे, टोपोआयसोमरेज. तो एक पदर कापतो, पीळ सुटू देतो आणि परत सांधतो. कॅम्पटोथेसिन बरोबर त्या कापलेल्या जागी पाचर मारल्यासारखं जाऊन बसतं. सांधा जुळत नाही, आणि नकला काढायची घाई असलेली पेशी तिथंच मरते. कॅन्सरच्या पेशीला ती घाई असते. केसांच्या मुळांना आणि आतड्याच्या अस्तरालाही असते, म्हणून त्यांचाही बळी जातो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं पीळ जाऊ द्यायचा नाही म्हणूनच सुंभ जळतो. सुरुवातीला हे द्रव्य जसंच्या तसं माणसांना देऊन पाहिलं तर फार विषारी ठरलं, पाण्यातही विरघळेना. मग त्यात फेरफार करून टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही दोन औषधं आली, अमेरिकेत त्यांना 1996 मध्ये परवानगी मिळाली. आणि मूळ द्रव्य हवं म्हणून सह्याद्रीत माणसं कोयते घेऊन शिरली.

हे सगळं मी हॉस्पिटलच्या एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून वाचलं. अण्णांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता, कळलं तेव्हा तो यकृतात पोचलेला. दर पंधरा दिवसांनी त्यांना सलाईन लावायचे, त्यातली एक बाटली इरिनोटेकनची, फिकट पिवळसर. ती उतरायला दीड तास. अण्णा झोपायचे, मी थेंब मोजायची, मग मोजायचा कंटाळा आला की खोक्यातला घडीचा कागद वाचायची. त्या कागदात झाडाचा उल्लेख नव्हता. बाटलीवर कंपनीचं नाव असतं, झाडाचं नसतं. एका दुपारी सहज मोबाइलवर औषधाचं मूळ शोधलं, एकातून दुसऱ्यात जात राहिले, आणि समोर पानाचा फोटो आला. मी तो मोठा करून बघितला. टोकाला दाटीनं आलेली रुंद पानं. गोठ्यामागचा नरक्या. अण्णांना उठवून सांगावंसं वाटलं, पण त्यांना नुकतीच झोप लागली होती.

त्या औषधानं अण्णांना पावणेदोन वर्षं मिळाली. फुकट नाही मिळाली. केस गेले त्याचं त्यांना काही नव्हतं, आधीच थोडे होते. पोट इतकं बिघडायचं की संडासाच्या दारापाशी खुर्ची टाकून बसायचे. आणि वास. घरातला एकेक वास त्यांना नकोसा व्हायला लागला. आधी फोडणीचा, मग चहाचा, मग आईच्या डोक्याच्या तेलाचा. ज्या माणसाला गल्लीच्या तोंडापासून रश्श्याचा वास यायचा तो रविवारी खिडक्या लावून घ्यायला सांगायचा, कारण शेजारी मटण शिजतंय. आई वरच्या गच्चीत स्टोव्ह नेऊन भात करायची. आणि मग काही महिन्यांनी उलटंच झालं. वास येईनासेच झाले. एकदम. आईनं आनंदानं पुन्हा खाली स्वयंपाक सुरू केला. अण्णा पानावर बसून म्हणाले, "हे काय आहे?" तांबडा रस्सा होता.

त्याच दिवसांत एकदा संध्याकाळी म्हणाले, रंकाळ्याला जाऊ. रिक्षा केली. फार चालवेना, म्हणून जिथं उतरलो तिथंच कट्ट्यावर बसले, आणि ती जागा नेमकी नाल्याजवळची. उन्हाळ्याचे दिवस, पाणी खाली गेलेलं, केंदाळ कुजत पडलेलं. वास असा की भेळ घेऊन आलेलं एक जोडपं कागदाचा द्रोण तसाच हातात धरून पुढं निघून गेलं. मी पदर नाकाला लावला. म्हटलं, "अण्णा, तिकडं संध्यामठाकडं बसूया का? तुम्हाला वास येत नाही का?" अण्णांनी मान हलवली. "नाही येत. बस की. माणूस नाही बघ कोण हिकडं." खरंच त्या कट्ट्यावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. समोर चिखलात तीन शेकाटे. सूर्य पलीकडं उतरत होता, काळं पाणी तांबडं झालं होतं आणि त्यात त्यांचे गुलाबी पाय दुप्पट लांब दिसत होते. अण्णा बघत राहिले. त्यांना कळंबा आठवला असेल का, हे मी विचारलं नाही. अर्धा तास बसले. इतक्या शांतपणे ते कितीतरी दिवसांत कुठं बसले नव्हते. मीच पदराआड तोंडानं श्वास घेत होते.

अण्णांना जाऊन आता चार वर्षं झाली. तेव्हापासून शेकाटा आणि नरक्या माझ्या डोक्यात एकाला एक बांधल्यासारखे येतात, आणि चिनूच्या प्रश्नानं ती गाठ परत ओढली गेली. एकाला आपली घाण चालते. इतकी चालते की आपण जितके बिघडू तितका तो सुखात. त्याचा कुणाला उपयोग नाही. मांस मूठभर, पाय बघायला बरे, बाकी शून्य. आणि दुसऱ्यानं स्वतःची घाण स्वतः तयार केली, कुंपणासारखी भोवती घालून घेतली, गुरं आणि किडे आणि माझी मामी यांना लांब ठेवलं. आतल्या ज्या विषाच्या जोरावर त्याला कुणी खात नव्हतं तेच विष एके दिवशी वजनावर विकायला लागलं. राधानगरीचं जंगल 1958 पासून अभयारण्य आहे, 2012 पासून जागतिक वारसास्थळ, तरी अधूनमधून पेपरात आठ ओळींची बातमी येते: नरक्याची तोड, ढलप्यांची पोती, टेम्पो जप्त. पूर्वी मी ती बातमी वाचून चिडायची. आता आठ ओळी वाचते, पान उलटते, आणि मग उगाच परत मागं येऊन वाचते. त्या पोत्यांतलंच थोडं आमच्या घरी आलं नसेल असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

भाऊबीजेला आईला घेऊन मामाकडं गेले. चिनूला यायचं होतं, पण गाडीत त्याला उलट्या होतात, म्हणून तो राहिला. हळदी, भोगावती, मग उसाचे ट्रॅक्टर आणि त्यांच्या मागं रांगत जाणं. ओवाळणी झाली, जेवणं झाली, आई आणि मामी भांडी घासत बोलत बसल्या. मी मामाला म्हटलं, नरक्या दाखव. त्यानं माझ्याकडं बघितलं. "त्यो न्हाई आता."

"तोडला?"

"म्याच तोडला."

मग गोठ्यामागं चढताना हळूहळू सांगितलं. बरीच वर्षं झाली. कोण कुठली दोन माणसं मोटारसायकलवर यायची. वाळलेल्या लाकडाचा किलोवर दर सांगायची. गावातली पोरं रानात गेली. फुकटचं झाड, सरपणालाही न चालणारं, आणि त्याला पैसे मिळतात म्हटल्यावर कोण थांबणार. त्या साली मामेबहिणीची कॉलेजची फी भरायची होती. मामानं आधी स्वतःच्या मालकीतला तोडला, मग दोन दिवस इतरांबरोबर वरच्या रानातही गेला. "हाताचा वास आठ दिस जात नव्हता," तो म्हणाला. "भाकरी खाताना बी यायचा. तुझी मामी वाढायची लांबनं." पुढं त्या माणसांना मुळ्याही हव्या झाल्या, मुळीच्या सालीत माल जास्त असतो म्हणाली. मग लोक झाडं बुडातून खणून काढायला लागले. "माझं कंबरडं धरलं हुतं, म्हणून माझं ऱ्हायलं खणायचं. न्हाईतर खणलंच असतं की."

ओढ्याच्या चढावर तो बुंधा होता. वरचा भाग काळवंडलेला, एका बाजूला पोखरलेला, त्यावर शेवाळ. आणि कडेनं तीन धुमारे फुटून माझ्या डोक्याच्याही वर गेलेले. पानं तीच, टोकाला दाटीनं. एका फांदीवर फळं धरली होती, बोटाच्या पेराएवढी, गुळगुळीत, बरीचशी हिरवी, दोनतीन लालसर व्हायला लागलेली. मी मामाला अण्णांच्या सलाईनचं सांगितलं. आजवर सांगितलंच नव्हतं. आधी आजारपणात वेळ नव्हता, मग सांगून काय, असं झालं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. बुंध्यावरचं थोडं शेवाळ नखानं खरवडलं. मग म्हणाला, "म्हंजे भावोजींस्नी ह्योच दिला हुता?"

"ह्यातलाच, असंच काहीतरी. कुठलं तरी झाड असणार ना."

"मग ते बरं केलं म्हणायचं का वंगाळ?"

मी काहीच बोलले नाही. खाली गोठ्यात म्हैस ओरडली, आणि तिला पाणी दाखवायला तो निघून गेला. जाताना मात्र सांगून गेला, "फळं पिकली की बी लावून बघणार हाय. कुणाला सांगू नको." कुणाला म्हणजे कुणाला, हे त्यानं सांगितलं नाही, आणि इथं लिहून मी आता ते सगळ्यांनाच सांगितलंय, पण गावाचं नाव लिहिलेलं नाही.

बुंध्यापाशी एक पान पडलं होतं, अजून हिरवं. ते उचलून पर्समधल्या जुन्या पावतीत गुंडाळलं.

घरी पोचायला रात्रीचे नऊ झाले. चिनू झोपायला निघाला होता, मला बघून परत आला. मी त्याला पलंगावर बसवलं आणि म्हटलं, त्या दिवशी मी खोटं बोलले, शेकाट्याला नाक असतं. दुर्बीण घेऊन जाऊ तेव्हा दाखवीन. "मग त्याला वास येतो?" असेल येत, म्हटलं. "मग तो तिथं का उभा राहतो?" तिथं त्याचं जेवण असतं म्हणून. यावर त्यानं थोडा विचार केला आणि पटल्यासारखी मान हलवली. मग मी पावती उघडली, पानाचा तुकडा मोडून बोटांत चुरगाळला आणि हात त्याच्यापुढं धरला.

"ईऽऽ! आत्या! काय आहे हे?"

"आजोबांचं औषध होतं. त्याचं झाड."

तो पलंगाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसला होता. तिथून माझ्या हाताकडं बघत राहिला. मग गुडघ्यांवर रांगत परत आला, माझं मनगट धरलं आणि पुन्हा एकदा वास घेतला.